निळी पट्टी

संगणकाच्या पडद्यावर ती उंचीला तीन-चार बोटं आणि लांबीला वीतभर दिसते. अंगभर बारके चौकोन, आडव्या ओळींत नीट मांडलेले. काही गडद निळे, काही फिकट, काही पांढरे, काही काळेभोर. शब्द तिच्याकडे फार नाहीत. डाव्या कडेला ओळींची नावं, वरच्या कडेला तासांचे आकडे, बाकी सगळं बोलणं रंगातून. तरी कॅनडात आणि अमेरिकेत दुर्बीण बाळगणारी हजारो माणसं दुपार कलली की आधी तिचं तोंड बघतात. तिच्या रंगावर कुणी ऑफिसातून तासभर लवकर निघतं, कुणी गाडीच्या डिकीत दुर्बिणीची नळी आणि स्टँड चढवतं, कुणी मित्राला फोन करून एवढंच सांगतं, ‘आज निळं आहे, निघ.’

तिचं नाव क्लिअर स्काय चार्ट. सुरुवातीला ती क्लिअर स्काय क्लॉक म्हणून ओळखली जायची, आणि जुनी मंडळी अजूनही बोलताना तेच नाव घेतात. प्रत्येक जागेसाठी तिचं रूप वेगळं. एखादी वेधशाळा, एखाद्या मंडळाचं माळरान, एखाद्याच्या घरामागचं अंगण, अशा हजारो जागांचे तिचे स्वतंत्र अंदाज उत्तर अमेरिकेत आहेत. ‘उद्या हवा छान राहील’ असलं वाक्य तिच्या तोंडी येत नाही. ती तास सांगते. मंगळवारी रात्री दहा ते एक निळं, एकनंतर फिकट, तीन वाजता पांढरं. जावं की जाऊ नये, हे मात्र ती कधीच सांगत नाही. तो निर्णय ती ज्याचा त्याच्यावर सोडते.

मी वाढलो पुण्यात. तिथे आकाश बघायला कधी जायचं याचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात मिळायचं. पावसाळ्यात दुर्बीण गुंडाळून ठेवायची, दिवाळीच्या सुमारास बाहेर काढायची, आणि मग उन्हाळा संपेपर्यंत अमावास्येजवळचा शनिवार धरायचा. १९४४ साली स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था घ्या किंवा मुंबईकरांना वांगणीला नेऊन रात्रभर तारे दाखवणारं खगोल मंडळ घ्या, निरीक्षणाचे कार्यक्रम तिथी बघून ठरायचे. मधेच अवकाळी ढग यायचे, पण तो अपवाद. ओंटारिओत आल्यावर हा हिशेब चालेना. इथे दर थोड्या दिवसांनी पश्चिमेकडून नवी हवा येते, तिच्या पुढे ढग आणि मागे थंडी. हिवाळ्याच्या तोंडाशी गार वारा मोठ्या सरोवरांच्या कोमट पाण्यावरून वाहू लागला की ढगांचे पट्टे उठतात आणि दिवसेंदिवस हलत नाहीत. अमावास्या शनिवारी आली एवढ्यानं काही ठरत नाही. मोकळी रात्र जिथे सवयीची असते, तिथे आकाशाचे तास मोजावेत असं कुणाला वाटलं नसतं. ही पट्टी कॅनडात जन्मली यामागे इथली हवा आहे.

तिच्यामागे दोन माणसं आहेत. पहिले ॲलन राहिल, कॅनेडियन मेटिऑरोलॉजिकल सेंटरमधले हवामानतज्ज्ञ. मॉन्ट्रियलजवळच्या डोरव्हालमध्ये हे केंद्र आहे. हवामान खात्याचं रोजचं काम पाऊस, वारा आणि तापमान सांगण्याचं, कारण शेतकऱ्याला, वैमानिकाला आणि खलाशाला तेच लागतं. रात्री अकरा वाजता तारे किती स्वच्छ दिसतील, गुरूचं बिंब किती स्थिर राहील, हे प्रश्न त्या खात्याच्या दारात सहसा येत नाहीत. राहिल यांनी ते प्रश्न घेतले आणि त्यांच्या उत्तरासाठी खगोलनिरीक्षकांना उपयोगी पडतील असे खास अंदाज तयार केले. पण त्यातून निघाले शेकडो नकाशे. प्रत्येक तासाचा वेगळा, प्रत्येक गोष्टीचा वेगळा आणि अख्ख्या खंडाचा. आपल्या गावाचा ठिपका त्यात शोधत बसायचं म्हणजे अर्धी संध्याकाळ गेली. तिथे दुसरे गृहस्थ पुढे आले. ओटावाचे हौशी खगोलनिरीक्षक अटिला डान्को. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, जो त्या नकाशांमधून एकेका जागेचे रंग उचलतो आणि तासांच्या क्रमानं एका ओळीत बसवतो. शेकडो नकाशांचं सार वीतभर पट्टीत आलं. राहिल यांचं शास्त्र नसतं तर पट्टीत भरायला काही नव्हतं, आणि डान्को यांची मांडणी नसती तर ते शास्त्र थोड्या जाणकारांपुरतंच राहिलं असतं.

तिचं घराणं जुनं आहे. हवेची गती, दाब, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणं सोडवून उद्याची हवा काढता येईल, हे ल्युइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञानं १९२२ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं. त्यासाठी त्यानं २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांचा हिशेब हातानं केला होता. त्या कष्टाचं उत्तर साफ चुकलं, पण वाट बरोबर होती. १९५० साली एनिॲक या संगणकावर चोवीस तासांचा पहिला अंदाज काढला, तेव्हा यंत्राला त्यासाठी जवळजवळ चोवीस तासच लागले. आज त्याच वाटेवरून महासंगणक वातावरणाचे लाखो कप्पे पाडतात, फुग्यांनी आणि उपग्रहांनी पाठवलेली मोजमापं त्यांत भरतात आणि पुढच्या साडेतीन दिवसांची हवा तासाभराच्या आत मांडतात. पट्टीतला एकेक चौकोन या सगळ्या खटाटोपाचा शेवटचा थेंब आहे.

आता तिच्या ओळींची ओळख करून घेऊ, कारण तिचा स्वभाव ओळींत आहे.

सर्वांत वरची ओळ ढगांची. तिचे रंग मनाला येतील तसे निवडलेले नाहीत. त्या तासाला डोक्यावरचं आकाश जसं असेल, तसा चौकोनाचा रंग. मोकळ्या आकाशाला गडद निळा, ढग वाढतील तसा फिकट, पूर्ण झाकोळलं की पांढरा. त्यामुळे कुणी न शिकवताही ती कळते. पुढे तिच्याखाली ढगांचीच आणखी एक ओळ आली, युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राच्या प्रारूपावरून काढलेली. पट्टीचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. आपलं म्हणणं सांगताना दुसऱ्याचं वेगळं म्हणणं ती त्याच्याच खाली मांडते. दोन्ही ओळी निळ्या असतील तर निर्धास्त निघावं. एक निळी आणि एक पांढरी असेल तर लांबचा प्रवास टाळावा आणि अंगणात दुर्बीण लावून वाट बघावी.

तिसरी ओळ पारदर्शकतेची. नवख्या माणसाला वाटतं, ढग नाहीत म्हणजे आकाश स्वच्छ. तसं नसतं. ढगाचा मागमूस नसतानाही हवा दुधाळ असू शकते. जमिनीपासून अवकाशापर्यंतच्या हवेच्या स्तंभात एकूण बाष्प किती आहे, त्यावरून ही ओळ काढतात. बाष्प वाढलं की हवेतले सूक्ष्म कण ओल धरून फुगतात, प्रकाश विखुरतात आणि अंधुक गोष्टी पार्श्वभूमीत विरून जातात. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका किंवा हंसातला वेल नेब्युला बघायचा असेल तर ही ओळ गडद निळी हवी. तिच्या रंगाची खातरजमा नुसत्या डोळ्यांनी करता येते. ध्रुवमत्स्यातले किती तारे मोजता येतात ते बघा. मधले अंधुक तारे सहज दिसले तर त्या रात्री दीर्घिकांच्या मागे लागायला हरकत नाही.

चौथी ओळ सीइंगची. हवेच्या स्थिरतेला सगळीकडचे निरीक्षक सीइंगच म्हणतात. वातावरणात कमी-अधिक तापमानाचे थर एकमेकांत मिसळत असतात, आणि त्यांतून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वाकतो. ओढ्याच्या तळाशी पडलेलं नाणं हलत्या पाण्यातून बघावं, तसा ग्रह दिसतो. नाणं जागेवरच असतं, कड मात्र ठरत नाही. शनीच्या कड्यांमधली कॅसिनी फट जेमतेम पाऊण विकलेची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाहूनही बारीक. हवा दोन विकलांनी थरथरत असेल तर दुर्बीण कितीही भारी असो, ती फट पुसली जाते. न्यूटननं १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात हे ओळखलं होतं. हवेच्या या कंपावर दुर्बिणीत सुधारणा करून इलाज होणार नाही, त्यासाठी उंच पर्वतांच्या माथ्यावरची शांत हवाच गाठावी लागेल, असं त्यानं नोंदवलं. पर्वत प्रत्येकाला गाठता येत नाही. पण आपल्या गावावरची हवा कोणत्या तासाला शांत होईल, हे आधी कळलं तरी पुष्कळ. ही ओळ तेवढंच सांगू बघते. ११ ते १४ इंची दुर्बिणी समोर ठेवून तिची मापं बसवली आहेत, आणि अंदाज तीन तासांनी एक असल्यानं तिथे सारख्या रंगाचे चौकोन गटानं उभे दिसतात. हा अंदाज प्रायोगिक आहे, असं तिचे कर्ते स्वतःच सांगतात.

पारदर्शकता आणि सीइंग या दोन ओळी एकाच वेळी गडद निळ्या फार कमी वेळा होतात, आणि पट्टीकडून शिकण्यासारखं सगळ्यांत मोठं ते इथेच आहे. उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन जाते, पाऊस थांबतो, हवा धुतल्यासारखी होते. पारदर्शकतेचे चौकोन गडद निळे होतात. पण त्याच वेळी वर, सुमारे दहा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह जोरात वाहत असतो, खालची हवाही खळबळलेली असते, आणि सीइंगची ओळ फिकट पडते. अशा रात्री तारे लुकलुकतात, लोकांना त्या रात्री सुंदर वाटतात, आणि गुरू मात्र आयपीसमध्ये उकळत असतो. उलट ऑगस्टमध्ये उच्च दाबाची जड, दमट हवा प्रदेशावर ठाण मांडून बसते. आकाश राखाडी दिसतं, अंधुक तारे हरवतात, शेजारी म्हणतात की आज काही दिसायचं नाही. आणि दुर्बिणीतून गुरूचे पट्टे, त्यांच्या कडांवरचे बारीक वळसे आणि लाल डाग कोरल्यासारखे स्थिर उभे राहतात.

म्हणून पट्टी ज्याला वाचता येते, तो ‘आज आकाश चांगलं आहे का’ असं विचारत नाही. आज कशासाठी चांगलं आहे, असं विचारतो. पारदर्शकता उत्तम आणि सीइंग वाईट असेल तर दीर्घिका आणि तेजोमेघ बघावेत, त्यांना हवेच्या थरथरीनं फारसं बिघडत नाही. पारदर्शकता वाईट आणि सीइंग उत्तम असेल तर ग्रह, चंद्र आणि जोडतारे. दोन्ही मध्यम असतील तर कृत्तिका, पुष्यातला तारकागुच्छ, शौरीतला एम १३. सगळ्याच बाजूंनी निकामी अशी मोकळी रात्र सहसा नसते. बहुतेक रात्रींना काही ना काही देता येतं, ते काय हे ओळखावं लागतं. हे ज्ञान जुन्या निरीक्षकांकडे अनुभवातून आलेलं होतं. पट्टीनं ते नवशिक्याच्या हातात पहिल्याच दिवशी ठेवलं, याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

त्याखाली अंधाराची ओळ. या ओळीला हवामानाशी देणंघेणं नाही, ती निव्वळ गणित आहे. सूर्य क्षितिजाखाली किती, चंद्र कुठे, त्याची कला कोणती, यावरून डोक्यावरचा सर्वांत अंधुक तारा किती प्रतीचा दिसेल ते ही ओळ सांगते. काळा चौकोन म्हणजे खरा अंधार, गडद निळा म्हणजे चंद्राचा उपद्रव, फिकट निळा म्हणजे पौर्णिमेसारखी रात्र, पिवळा म्हणजे संध्याकाळ. शहराचे दिवे ती धरत नाही, म्हणून टोरांटोच्या मध्यावर बसलेल्याला तिचा काळा रंग लागू पडत नाही. त्या रंगापर्यंत पोचायला ग्रेव्हनहर्स्टजवळच्या टोरन्स बॅरेन्ससारख्या ठिकाणी जावं लागतं. उघड्या खडकाचं ते पठार १९९९ साली अंधाऱ्या आकाशासाठी राखीव झालं. पंचांग बघणाऱ्या मराठी माणसाला ही ओळ लगेच जवळची वाटते. फरक पडतो तो अक्षांशाचा. ओटावाला जूनच्या अखेरीस पूर्ण काळोख जेमतेम तीन तास मिळतो, डिसेंबरात साडेअकरा तासांहून अधिक. पट्टीवर हे दिसतंच. उन्हाळ्यात काळा तुकडा आखडून तीनच चौकोनांचा उरतो, हिवाळ्यात तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पसरतो.

सगळ्यांत खालच्या ओळी घरच्या वडीलधाऱ्या बाईसारखं बोलतात. वारा किती, ओल किती, गारठा किती. वारा जोराचा असेल तर मोठी डॉब्सोनियन दुर्बीण हलत राहील, फोटो काढणाऱ्याचे तारे लांबट येतील. आर्द्रता एकदम चढली, त्याच वेळी वारा पडला आणि तापमान घसरलं, की जमिनीलगत धुकं येणार आणि काचांवर दव बसणार. त्या रात्री खोलगट शेतापेक्षा लहानसा चढ बरा. तापमानाची ओळ उणे वीस दाखवत असेल तर कपड्यांचे थर किती घालायचे ते घरूनच ठरतं. पण पाच अंशांवरही कपडे अपुरे असले तर माणूस अर्ध्या तासात गाडीत जाऊन बसतो, कारण निरीक्षकाला तासन्‌तास न हलता उभं राहायचं असतं. यांच्या जोडीला आता धुराचीही ओळ आहे. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत गेला आणि तिथलं भरदिवसाचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा ती ओळ का हवी हे खगोलाशी संबंध नसलेल्यांनाही कळलं. ढग नाहीत, बाष्प नाही, तरी तारे नाहीत, याचं कारण ती ओळ सांगते.

तिच्या मर्यादा तिच्या माणसांनी लपवलेल्या नाहीत. बुटके ढग तिच्या नजरेतून निसटतात. दुपारी उसळणारी वादळं तिला नीट पकडता येत नाहीत, कारण तिचे कप्पे किलोमीटरांचे आणि वादळाचा पहिला ढग त्याहून लहान. डोंगराच्या कुशीतलं धुकं, सरोवराकाठचा ढगांचा पट्टा यांतही ती चुकते. पहिल्या रात्रीचा निळा आणि तिसऱ्या रात्रीचा निळा पडद्यावर सारखाच दिसतो, भरवसा मात्र सारखा नसतो. वातावरणातली छोटी चूक तासागणिक वाढत जाते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ती एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंतच्या अंतराएवढी होते. म्हणून अनुभवी माणूस तिच्याकडे एकदाच बघून थांबत नाही. सकाळी बघतो, दुपारी नवा अंदाज आला की पुन्हा बघतो, आणि निघण्याआधी उपग्रहाचं ताजं चित्र उघडून ढगांची कड कुठवर आली आहे ते स्वतः तपासतो. सलग तीन अंदाजांत एकच तास निळा राहिला असेल तर त्या निळ्याला वजन येतं.

अंदाज आणि सरासरी यांतला फरक ग्रहणात सगळ्यांत ठळक दिसतो. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी बिहारमधलं तारेगणा सगळ्यांच्या तोंडी होतं. भर पावसाळ्यातही त्या भागात आकाश मोकळं मिळण्याची आशा जुन्या नोंदींवरून धरली गेली होती, आणि हजारो लोक तिथे जमले. प्रत्यक्षात तारेगणा ढगांत राहिलं आणि वाराणसीच्या घाटांवरच्या लोकांना ग्रहण दिसलं. ८ एप्रिल २०२४ ला उत्तर अमेरिकेत असंच घडलं. बरीच वर्षं आधीपासून सांगितलं जात होतं की त्या काळात मेक्सिको आणि टेक्सास मोकळे असतात, क्विबेक आणि मेन ढगाळ. कित्येकांनी त्या हिशेबानं दक्षिणेची तिकिटं काढली. त्या दिवशी टेक्सासच्या मोठ्या भागावर ढग होते, आणि व्हरमाँट, मेन व दक्षिण क्विबेकमध्ये आकाश लख्ख. वर्षानुवर्षांच्या नोंदी कुठे जावं याचा पहिला अंदाज देतात, पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत ऐकायचं ते पट्टीचं आणि तिच्या भावंडांचं. ज्यांनी गाडीची टाकी भरून ठेवली आणि बेत बदलण्याची तयारी ठेवली, त्यांना सूर्यप्रभा दिसली.

आता तिच्याबद्दलची सगळ्यांत जिव्हाळ्याची गोष्ट. ती बघायला पैसे पडत नाहीत. राहिल यांचे नकाशे सार्वजनिक खात्याचे, सगळ्यांना खुले. डान्को यांनीही पट्टी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आणि नव्या नव्या निरीक्षणस्थळांसाठी ती वाढवत नेली. एकाला आकाश बघायची ओढ होती आणि हवामानाचं शास्त्र येत होतं, दुसऱ्याला तीच ओढ होती आणि प्रोग्रॅम लिहिता येत होता. दोघांनी आपलं कौशल्य आपल्यासारख्याच लोकांच्या उपयोगी आणलं. अमेरिकेतल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर शिक्षक मुलांना शनी दाखवायची रात्र ठरवतो, तेव्हा त्याच्या नकळत ही दोन माणसं त्याच्या पाठीशी असतात. खगोलप्रेमींनीही त्याची जाण ठेवली. १६१६९३ क्रमांकाच्या एका लघुग्रहाला अटिलाडान्को हे नाव मिळालं आहे.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकाला ही पट्टी थेट वापरता येत नाही, तिचे नकाशे उत्तर अमेरिकेपुरते आहेत. पण तिची विचार करण्याची रीत तिथे जशीच्या तशी लागू होते, आणि साधनंही आहेत. सेव्हन टायमर हे संकेतस्थळ २००५ मध्ये चीनमधल्या एका हौशी खगोलनिरीक्षकानं सुरू केलं. अमेरिकेच्या जागतिक हवामान प्रारूपावर ते चालतं, आणि ढग, सीइंग व पारदर्शकता यांचे पुढच्या तीन दिवसांचे अंदाज जगातल्या कुठल्याही ठिकाणासाठी देतं. स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लूवर सीइंगचा स्वतंत्र तक्ता मिळतो, त्यात खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे दाखवतात आणि जेट प्रवाहाचा वेगही देतात. आणि भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची चित्रं दिवसरात्र येत असतात. या मालिकेतला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला अवकाशात गेला. रात्री आठला निघायचं असेल तर साडेसातचं चित्र उघडून अरबी समुद्रावरून काय येतंय ते बघता येतं.

तिथल्या हवेचे प्रश्न अर्थात वेगळे. हिवाळ्यात जेट प्रवाह उत्तर भारतावरून जातो, त्यामुळे दख्खनवर ग्रह बघायला हवा पुष्कळदा शांत असते. याचा फायदा जितका घ्यायला हवा तितका आपण घेत नाही. उलट पारदर्शकतेत आपण मार खातो. शेतात पेटवलेला पालापाचोळा, रस्त्यांची धूळ आणि शहरांची घाण हवा मिळून क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंतचं आकाश मळकट करतात. एप्रिल-मेमधला वळीव संध्याकाळी कोसळून जातो आणि त्यानंतरची रात्र धुतलेली असते, ती रात्र आपण बहुधा झोपण्यात घालवतो. सह्याद्रीच्या दऱ्यांत पहाटे धुकं भरतं, तेव्हा पठारावर बसलेला निरीक्षक सुखी असतो आणि खोऱ्यातला काचा पुसत बसतो. हे सगळं कुठल्याही परदेशी प्रारूपाला बारकाईनं माहीत असणार नाही. ते तिथे राहणाऱ्यानंच नोंदवायला हवं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. तुमच्याकडे दुर्बीण असेल, किंवा नुसते डोळे आणि उत्साह असेल, तर एक वही करा. निघण्याआधी त्या रात्रीचा अंदाज तिच्यात डावीकडे लिहा, ढग, पारदर्शकता, सीइंग, वारा आणि ओल, प्रत्येक गोष्ट वेगळी. परत आल्यावर उजवीकडे प्रत्यक्ष काय दिसलं ते लिहा. सर्वांत अंधुक तारा कोणता दिसला, गुरूचे किती पट्टे सुटे ओळखता आले, दव किती वाजता पडलं. तुमच्या मंडळातल्या प्रत्येकानं ऑक्टोबर ते मे असं केलं, तर वांगणीच्या, भोरच्या किंवा तुमच्या गावच्या माळावर कुठला अंदाज खरा ठरतो आणि कुठला फसतो, हे एका मोसमात कळेल. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो अशा एखाद्या मुलाच्या हाती ती वही द्या. महाराष्ट्राच्या आकाशाची पट्टी त्यातून तयार होऊ शकते. ती करायला दोन मनापासूनची माणसं पुरतात, हे ओटावा आणि डोरव्हाल यांनी दाखवून दिलं आहे.